ग्रँडफादर आणि बादली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या इंग्रजीची टिंगल करणारे संदेश हल्ली व्हॉट्सॲपवर सारखे फिरत असतात. 'डू द नीडफुल' आणि 'पास आउट' त्यांत हटकून असतात. शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले, तरी मला या टिंगलीत सामील होता येत नाही. 'डू द नीडफुल' आपण घडवलेले नाही, साहेबाच्या कचेरीतूनच ते आले. त्याच्याकडे मागे पडले, आपल्या अर्जांत टिकले. 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे, हे खरे. पण खडकवासल्याला एनडीएत 'पासिंग आउट परेड' होते आणि इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतही होते. मग कॉलेजातून 'पास आउट' झालेल्या पोराला का हसायचे?

खरी चूक निराळीच, आणि ती पोरांची नसते. आठवीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज दिला होता : 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट', सबब चार दिवस रजा मिळावी. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. त्याच्याकडचे बाजारी वाक्प्रचारांचे पुस्तक उघडून पाहिले, तर पुढे अर्थ एवढाच : मरणे. आता 'गचकणे' म्हणजेही मरणेच. पण 'आमचे आजोबा गचकले' असे कुणी मास्तरांना लिहून देईल का? हा पोच मराठीत घरातच येतो. इंग्रजीत मात्र अर्थ पाठ करा, गाळलेली जागा भरा, एक गुण घ्या. पावसाळ्यावर निबंध आला की कुत्री-मांजरे कोसळलीच पाहिजेत, मग आमच्या माणदेशात नुसती भुरभुर का असेना!

पुस्तके काढणाऱ्यांनी अर्थाशेजारी 'हे कुणापुढे बोलू नये' एवढी एक ओळ छापली तरी पुष्कळ.

त्या मुलाच्या अर्जावर मी लाल शाईने 'किक्ड द बकेट' खोडून 'एक्स्पायर्ड' लिहिले आणि रजेची शिफारस केली. पुढे कैक वर्षांनी लंडनला भाचीकडे गेलो असताना ही गोष्ट रंगवून सांगितली. ती हसतच सुटली. म्हणाली, ''मामा, इकडे एक्स्पायर होतात ती औषधं, नाहीतर पासपोर्ट!''

– एक निवृत्त शिक्षक, दहिवडी (जि. सातारा)