रविवारच्या गीतमाला बैठकीसाठी सूचना

सभासदांनो, रविवारी सायंकाळी ५ वाजता धरमपेठेत नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय: आपल्या तरुणपणी गाजलेली, रेडिओवरच्या बिनाका गीतमाला या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमातली गाणी. प्रत्येकाने एकच गाणं आणावं. गाण्याचं पायदान (यादीतला क्रमांक) सांगताना ते साप्ताहिक की वार्षिक यादीतलं, हे स्पष्ट करा. दरवेळचा वाद तिथूनच सुरू होतो. वर्षअखेरीस आलेल्या चित्रपटाचं गाणं पुढच्या वर्षीच्या यादीत सापडू शकतं, तेही तपासा.

कॅसेट आणणाऱ्यांनी ती आदल्या दिवशी शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. फितीमागची स्पंजची छोटी गादी निखळली असेल तर आवाज दबका येतो. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट कृपया लावूच नका, प्लेअरच्या हेडवरून ती बुरशी इतरांच्या फितींना लागते.

तबकड्या (रेकॉर्ड) उभ्या ठेवूनच आणा. नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवलेली तबकडी वाकते आणि मग सुई उड्या मारते. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने मुळीच पुसू नका, लाख विरघळते. कोरडा मऊ ब्रश पुरे.

मत मोकळेपणाने मांडा, पण गाणं सुरू असताना नको.