समुद्राच्या पाण्याचे मूळ सांगणारी रसायने

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘दोन समुद्र भेटतात, पण त्यांचे पाणी मिसळत नाही’ हा मजकूर दुरंगी पाण्याच्या छायाचित्रासह समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतो आणि कधीकधी वृत्तपत्रांतही उतरतो. त्यातले बरेच गाजलेले एक छायाचित्र अलास्काच्या आखातातले आहे. हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेले पाणी आणि मोकळ्या समुद्राचे पाणी यांच्यामधली ती तात्पुरती सीमा आहे. पाणी मिसळतेच, कोणते पाणी कुठून आले आणि किती मिसळले हे ओळखण्याची रीत वाचकांपर्यंत पोहोचावी, असे रसायनशास्त्राचा जुना शिक्षक म्हणून मला मनापासून वाटते.

आपल्या अरबी समुद्रात होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आलेले पर्शियन आखाताचे खारट पाणी साधारण 200 ते 400 मीटर खोलीवर पसरते, तर बाब-एल-मांदेबमधून आलेले तांबड्या समुद्राचे पाणी त्याच्याखाली 500 ते 800 मीटरच्या आसपास वाहते. उगमापासून दूर जाताना दोन्हींचा खारेपणा सौम्य होत जातो आणि मग नुसते तापमान व क्षारता मोजून भागत नाही.

अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी 1974 मध्ये यासाठी एक सोपी बेरीज सुचवली. खोल पाण्यात सेंद्रिय पदार्थ कुजताना प्राणवायूचे सुमारे नऊ रेणू खर्ची पडतात, तेव्हा नायट्रेटचा (नायट्रोजन आणि प्राणवायूच्या विरघळलेल्या संयुगाचा) एक कण मोकळा होतो. म्हणून नायट्रेटची नऊपट आणि प्राणवायू यांची बेरीज कुजण्याने बदलत नाही. पृष्ठभाग सोडताना पाण्यावर उमटलेली ही खूण पुढे दुसरे पाणी मिसळले तरच पालटते. फॉस्फेट घेऊनही अशी बेरीज मांडता येते.

अरबी समुद्राच्या मधल्या थरात मात्र हा हिशेब चुकतो. तिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असल्याने जिवाणू नायट्रेटवर गुजराण करतात, त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि बेरीज तुटीत येते. पण ही तूटच, ‘हे पाणी त्या थरातून आले आहे’ अशी नवी खूण ठरते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या तुटीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पाण्याचे वय, म्हणजे पृष्ठभाग सोडून किती काळ झाला, हे काढण्यासाठी क्लोरोफ्लुरोकार्बन या मानवनिर्मित वायूंचाही उपयोग होतो. ते 1930 च्या दशकापासून हवेत मिसळू लागले, त्यामुळे ज्या पाण्यात ते आढळतात त्याचा काही अंश तरी त्यानंतर हवेच्या संपर्कात आलेला असतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या किनाऱ्यालगत प्राणवायू कमी असलेले पाणी खालून वर येते. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्यांत प्राणवायू व नायट्रेटचे मोजलेले आकडे, नमुन्याची खोली आणि तारीख उपलब्ध असल्यास आपण आवर्जून छापावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पणजी