फोटोत सूर्य का नाही

हेदवी,
मार्गशीर्ष अमावस्या

प्रिय सुन्या,

फोटो पाहून तू फोनवर पहिलं काय विचारलंस, तर "सूर्य कुठाय रे?" आठ दिवस सुट्टी टाकून सूर्यास्ताचे फोटो काढायला गेलेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागतोच. रेंज गेली नसती तर तिथंच तुला ऐकवलं असतं. आता सविस्तर वाच.

वद्य अष्टमीला इथं पोचलो. दशभुज गणेशाचं दर्शन घेतलं आणि चारलाच बामणघळीपाशी ट्रायपॉड रोवून बसलो. काळ्या कातळात खोल चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि फवारा वर उडतो. डोक्यात चित्र तयार: फवारा उडालेला, मागं तांबडा गोळा. प्रत्यक्षात भरती सहाच्या सुमाराला आली खरी, पण फवारा जेमतेम गुडघाभर. दोन दिवस तेच. ज्यांच्याकडे उतरलोय ते आजोबा हसले. म्हणाले, "अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती. त्याला जोर कुठला?"

मग त्यांनी हिशोब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावस्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण कॅमेऱ्याच्या पिशवीत आता कालनिर्णय असतं. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ठाऊक आहे. तू हसशील, हस.

यातली गंमत लक्षात आली का? अमावस्या-पौर्णिमेला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि ती ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या तोंडावर. फवारा विसरायचा. पण एरवी पाण्याखाली असणारा सगळा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं.

मधले दिवस गेले ते गेले. एका संध्याकाळी ढगच ढग. एकदा शेवाळावरून घसरलो. कॅमेरा वाचला, कोपर सोललं. एक अख्खी संध्याकाळ धूसर आली, कारण फिल्टरवर खाऱ्या तुषारांचा थर बसला होता आणि मी तो शर्टाच्या टोकानं पुसत होतो. सुती फडकं खोलीवर!

आज सूर्य बुडताना मी काढलेच की फोटो. वीसेक असतील. क्षितिजाला टेकल्यावर अडीच मिनिटांच्या आत तो गडप होतो, तेवढ्यात घाई घाई किती. सगळे सारखे. गोळा पांढराफटक, कातळ काळाठिक्कर. आकाश सांभाळावं तर दगड जातो, दगड सांभाळावा तर आकाश. शिवाय बिंब असलं की डोळा दुसरीकडे जातच नाही.

शेजारी कालवं काढणाऱ्या दोघी बायका आवराआवर करत होत्या. एक म्हणाली, "सूर्य गेला की हो, आता कसला फोटो काढताय?" तुझाच प्रश्न. दुसरी म्हणाली, "पाणी चढायला लागलंय, फार थांबू नका."

थांबलो थोडा. आपल्याकडचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचा, त्यातली पंधरा संपली होती. फिल्टर काढून टाकला. आयएसओ १००, एफ ११, आणि कॅमेऱ्याची झडप आठ सेकंद उघडी. आकाश केशरी सोडून वांग्याच्या सालीसारखं झालेलं, आणि तोच रंग प्रत्येक खळग्यात उतरलेला. कातळाचा कण न् कण दिसत होता. आठ सेकंदांत परतणारं पाणी धुरासारखं पसरलं. तिसऱ्या फोटोला ट्रायपॉडचा एक पाय ओला झाला, चौथ्याला दोन. सामान उचलून पळालो. तुला पाठवलाय तो तिसरा.

उजवीकडे खाली नीट बघ, शेवटच्या खळग्यात. चांदणी वाटेल, पण त्या बायकांतल्या एकीच्या विजेरीचा उजेड आहे तो. मला खोलीवर आल्यावर दिसला.

पौर्णिमेला पुन्हा येणार आहे. तेव्हाही संध्याकाळी ओहोटी, आणि पाठीमागून चंद्र उगवेल तो वेगळाच. तू ये. चकचकीत बूट आणू नकोस, जुने सँडल आण. आणि सुती फडकं. दोन आण.

तुझा,
नंदू