नवा लॅपटॉप आमचा, मालक भलताच

मा. संपादक साहेब, स.न.

लॅपटॉप कुठला घ्यावा, रॅम किती हवी, यावर तुमच्या पेपरात अधूनमधून येतच असतं. पण घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात जो घोळ होतो त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मुलीसाठी लॅपटॉप घेतला. विकणाऱ्याने "सगळं सेटअप करूनच देतो" म्हणत हातात ठेवला, आम्हीही खुश, ती कटकट कोण करत बसणार. चार दिवस मस्त चालला. मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर सगळा स्क्रीन अंधारला आणि मधोमध खिडकी, ॲडमिनचा (म्हणजे लॅपटॉपमध्ये सगळे बदल करायचा हक्क असलेल्या अकाउंटचा) पासवर्ड टाका, आणि अकाउंटचं नाव काय तर "डेमो". आमच्या घरात डेमो नावाचं कोणी नाही हो! मुलीचा पासवर्ड टाकून पाहिला, उपयोग शून्य. साधी घड्याळाची वेळ बदलायला गेलो तरी परत तीच खिडकी.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे विंडोज करप्ट झालं असेल, घेऊन या. यूट्यूबवर एकाने सांगितलं की काळ्या खिडकीत अमुक कमांड टाका, लपलेला ॲडमिनिस्ट्रेटर चालू होतो. टाकली. "सिस्टम एरर ५, ॲक्सेस डिनाइड". कारण ती कमांड चालवायलाच आधी ॲडमिन असावं लागतं, म्हणजे किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं.

शेवटी भाच्याने दोन मिनिटांत ओळखलं. विंडोजमध्ये सेटअपच्या वेळी जे पहिलं अकाउंट बनतं ते ॲडमिन, आणि नंतर जोडलेली सगळी आपोआप साधी. विकणाऱ्याने आधी स्वतःचं डेमो बनवलं आणि मग मुलीचं जोडलं, बास एवढंच. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे युवर इन्फो उघडा, नावाखाली ॲडमिनिस्ट्रेटर लिहिलेलं नसेल तर समजा की लॅपटॉप अजून तुमचा झालेलाच नाही. परत फोन लावला, भाच्याने नीट शब्दांत विचारलं तेव्हा डेमोचा पासवर्ड मिळाला, १२३४! त्याने डेमोत शिरून मुलीला ॲडमिन केलं, मुलीच्या अकाउंटवरून प्रिंटर टाकून खात्री केली आणि मगच डेमो उडवलं. हा क्रम उलटा करू नका.

भाचा म्हणतो लोक सगळ्यालाच "लॉक झालाय" म्हणतात पण कुलपं वेगवेगळी असतात. लॅपटॉप फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप्स घेत असेल तर तो एस मोड, फुकटात बंद होतो, पण एकदा बंद केला की परत चालू करता येत नाही. "काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते" अशी ओळ दिसली की लोक हादरतात, पण ती कधीकधी एखाद्या अँटीव्हायरसमुळेसुद्धा येते, तेवढ्यावर लॅपटॉप परत करायला धावू नये. खरी भानगड म्हणजे सगळं पुसून रीसेट केल्यावर सुरुवातीलाच कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन त्यांचंच लॉगिन मागितलं तर. तेव्हा त्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावावर असते आणि ती कंपनीनेच काढावी लागते, कितीही वेळा फॉरमॅट मारा. असा माल "नवीन" म्हणून मिळाला असेल तर सरळ परत करा. बायॉसला (विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड असेल तरी तेच, बॅटरी काढून ठेवायचा जुना उपाय आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर चालत नाही.

आणि रीसेट मारायच्या आधी एक बघा, डिस्क एनक्रिप्ट (म्हणजे आतली सगळी माहिती कुलूपबंद) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या ॲडमिनच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसलेली असते. ते अकाउंट विकणाऱ्याचं असेल तर बसा बोंबलत.

माझं विकणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे की सेटअप करून देण्याचा उपकार करू नका, आणि करायचाच असेल तर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून पहिलं अकाउंट त्याच्याच नावाने बनवा, पासवर्ड त्यालाच टाकू द्या. आणि तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी लॅपटॉप खरेदीवर छापाल तेव्हा रॅमच्या बाजूला युवर इन्फोचं तेवढं दोन ओळीत टाका.

आपली एक नियमित वाचक