आईच्या ताटात काय, बाबांच्या ताटात काय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

लंडनमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे रोज डोसा शोधत फिरायचं, असं मनात धरून येऊ नका. आई, तुझ्यासारख्या पक्क्या शाकाहारी बाईचं पोट इथे सगळ्यात निश्चिंतपणे भरतं ते इथिओपियन किंवा एरिट्रियन हॉटेलात. बाबा, तुमचं बोकडाचं मटण कॅरिबियन लोकांकडे आहे. फक्त मांस-मासळी कुठे न दिसता पडते, ते आधी कळलेलं बरं.

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात, शिवाय ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने. त्या उपवासाला मांस, अंडं, दूध, लोणी काही चालत नाही, पण डाळी आणि भाज्या चालतात. म्हणून तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला हा स्वयंपाक मनापासून येतो. मेन्यूत ‘बेयायनेतू’ किंवा ‘फास्टिंग प्लॅटर’ शोध आणि मागताना ‘फास्टिंग’ हाच शब्द वापर, स्वयंपाकघरात तो लगेच समजतो.

ताटात काय येतं? ‘मिसिर वोट’ म्हणजे मसुरीची झणझणीत लाल आमटी. तिचा रंग बेरबेरे नावाच्या मिरची-मसाल्याचा. ‘किक अलिचा’ हळदीचं सौम्य पिवळं वरण. ‘गोमेन’ पालेभाजी, ‘अतकिल्त’ कोबी-बटाटा-गाजर. आणि ‘शिरो’, ते तर आपलं पिठलंच: भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं पीठ, कांदा-लसूण-मसाला, चांगलं रटरटलेलं. एकच सांभाळायचं, ‘बोझेना शिरो’ लिहिलं असेल तर त्यात मांस असतं.

हे सगळं इंजेरावर, म्हणजे टेफच्या आंबवलेल्या धिरड्यावर, वाढलेलं येतं. टेफ हे नाचणीहूनही बारीक धान्य. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात, उलटत नाहीत. वरून जाळीदार, चवीला आंबट, आंबोळीची थोरली बहीण म्हण. इथे बऱ्याच ठिकाणी टेफमध्ये गव्हाचं किंवा जवाचं पीठ मिसळतात, म्हणून आंबटपणा हॉटेलागणिक बदलतो. सोबत इंजेराच्या गुंडाळ्या वेगळ्या येतात. त्यांचा तुकडा उजव्या हाताने तोडून त्यातच भाजी चिमटीत पकडायची. नवखे लोक सुरुवातीलाच ताटातलं खालचं इंजेरा तोडतात आणि सगळ्या आमट्या एकमेकींत मिसळतात. खालचं शेवटी खायचं. तोवर त्यात सगळे रस मुरलेले असतात, आणि माझ्या मते तोच जेवणातला उत्तम भाग. इंजेरा पोटात बसतं, तेव्हा दोघांना एक मोठं ताट पुष्कळ होतं.

सगळ्यात महत्त्वाचं: एका टेबलाचं सगळं जेवण एकाच परातीत आणायची त्यांची पद्धत आहे. बाबांनी ‘डोरो वोट’, म्हणजे कोंबडीचा रस्सा आणि उकडलेलं अंडं, मागवलं तर तो आईच्या वरणाशेजारीच ओतला जाईल. म्हणून ऑर्डर देतानाच ‘सेपरेट ट्रे’ सांगायचं. बाबा, ‘तिब्स’ म्हणजे परतलेलं मांस, ते ‘लँब’ आहे ना एवढं विचारा. ‘कित्फो’ मात्र कच्च्या गोमांसाचा खिमा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. कुणी आपल्या हाताने घास भरवला तर त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. तो मायेचा मान आहे.

कॉफी हवी असेल तर जेवण मागवतानाच सांगावं लागतं. बिया तिथेच भाजतात, धूर वास घ्यायला तुमच्यापर्यंत आणतात, मग ‘जेबेना’ या मातीच्या सुरईत उकळतात. कॉफीचे तीन फेरे असतात: अबोल, तोना, बरका. तास सहज जातो. आई, रात्री पहिल्या फेऱ्यावरच थांब, तो सगळ्यात कडक असतो.

आता कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदाद. 1845 ते 1917 या काळात आपल्याकडून, मुख्यतः भोजपुरी मुलखातून, मजूर करारावर तिकडे नेले गेले. त्यांची भाषा बरीचशी विरली, पण स्वयंपाकातले शब्द टिकले: आलू, चना, तरकारी. ‘दालपुरी’ म्हणजे गुळाविना पुरणपोळी समज. वाटलेली पिवळी डाळ आणि जिरं पोळीत भरलेलं. तिच्यात आलू-चना गुंडाळून मिळतो, तो आईला चालेल. ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ ‘बारा’, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये छोले, वर चिंचेची चटणी. ‘पेपर सॉस’ किती, असं विचारतात. ‘स्लाइट’ म्हणा, कारण ती स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगीपेक्षा फार जहाल असते. मटणाच्या रोटीत हाडं तशीच गुंडाळलेली असतात, बाबा, ‘बोनलेस’ मागा.

जमैकन दुकानात ‘राइस अँड पीज’ घ्या. त्यातले ‘पीज’ म्हणजे राजमा, तो नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवतात. बहुतेक ठिकाणी हा भात शाकाहारी असतो, पण वाढणारा माणूस सवयीने वरून मटणाचा रस ओततो. आई, पळी उचलायच्या आधी ‘नो ग्रेव्ही’ म्हण. पिवळ्या पॅटीच्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या कानवल्याच्या, रंगावरून आत काय आहे ते ठरवू नका, गोमांस आणि भाजी दोन्ही तशाच दिसू शकतात. ‘कॅलालू’ तिकडे माठाच्या जातीची पालेभाजी आहे, पण त्रिनिदादी माणसाने ‘कॅलालू’ म्हटलं की ती अळूची असते आणि तिच्यात बऱ्याचदा खेकडा असतो. नावावर जाऊ नका. ‘आयटल’ हा शब्द दिसला तर ते रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या पद्धतीचं जेवण, बहुतेक पूर्ण शाकाहारी. बाबांनी ‘करी गोट’ खावं; ‘जर्क चिकन’ कोयत्याने हाडांसकट तोडतात, तेव्हा बारीक कपचे सांभाळून.

पश्चिम आफ्रिकेच्या, म्हणजे नायजेरिया-घानाच्या हॉटेलात आईला सर्वाधिक जपावं लागेल. दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात अशी पुष्कळ आहेत. तिथे पालकाची भाजीही शाकाहारी नसते. ‘क्रेफिश’ म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची पूड, आपल्या जवळ्यासारखी, जवळजवळ प्रत्येक रश्श्यात पडते. जॉलॉफ, म्हणजे टोमॅटोतला मसालेदार भात, मांसाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. ‘शितो’ ही काळी चटणी मासळीची. वाटलेल्या चवळीचं ‘मोइमोइ’ दिसतं शाकाहारी, आत अंडं किंवा मासा निघतो. आईने ‘केलेवेले’ घ्यावं, आलं-मिरची लावून तळलेली पिकली केळी, किंवा चवळीचे वडे ‘अकारा’. बाबा, तुम्हाला सुकट आवडते तर ‘एगुसी’ जरूर चाखा. ते कलिंगडाच्या जातीच्या बियांचं, मगजासारखं दाट कालवण आहे. मात्र ‘असॉर्टेड मीट’ मागू नका, त्यात गाईचं वजडी-पायही असतात. ‘विथ गोट’ किंवा ‘विथ फिश’ म्हणा. सोबतचं ‘पाउंडेड यॅम’ कोनफळाच्या नात्यातल्या कंदाचं. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा करायचा, रसात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. सगळा पिष्टच आहे, तेव्हा तुमची साखर पाहता अर्धाच.

बिलात साडेबारा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच धरलेला असेल तर वेगळी बक्षिसी देऊ नका. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ‘टॅप वॉटर’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात.

तुम्ही आल्यानंतरचा पहिला शुक्रवार मी इथिओपियन जेवणासाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी दुपारी पोटभर जेवू नका.

तुमची,
लाडकी लेक