वाटी नको, ग्रॅम छापा: आइसिंगच्या इटालियन बिस्किटांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत इटालियन आइसिंगच्या बटर बिस्किटांची पाककृती छापून आली. ‘दोन वाट्या मैदा, एक वाटी बटर, लालसर होईपर्यंत भाजा, गार झाल्यावर आइसिंग लावा’ एवढ्यावर ही बिस्किटे साधत नाहीत. अशी पाककृती वाचून ज्यांचे पाव किलो बटर वाया गेले असेल, त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी वाटीचे बोलू. सांगलीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात तीन मापांच्या वाट्या सापडतात. आणि वाटी एकच असली तरी मैदा चाळून अलगद भरला तर एक वजन, डब्यातून दाबून उपसला तर वेगळेच. 240 मिलीच्या कपात मैदा 120 ग्रॅमही बसतो आणि 150 सुद्धा. नानकटाईत हा फरक खपून जातो, कारण तिथे पीठ हाताला लागेल तसे तूप वाढवता येते. इथे अंडी, बटर आणि बेकिंग पावडर यांचा हिशेब मैद्याशी बांधलेला आहे. डिजिटल वजनकाटा आता बहुतेकांना परवडतो, तेव्हा पाककृती ग्रॅममध्येच छापावी.

ही बिस्किटे दक्षिण इटलीकडची. तिथून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत नाताळ, ईस्टर आणि लग्नकार्यात ती आजही होतात. तिकडे त्यांना अँजिनेट्टी म्हणतात. ती नानकटाईसारखी खुसखुशीत नसतात. आतून मऊ, थोडी केककडे झुकणारी, वर पांढऱ्या आइसिंगचा थर आणि त्यावर बारीक रंगीत साखरगोळ्या. स्वाद अ‍ॅनिसचा (बडीशेपेसारख्या सुगंधाचे एक बी) किंवा लिंबाच्या सालीचा. अ‍ॅनिसचा अर्क आपल्याकडे सहज मिळत नाही, पण त्याचा मुख्य सुगंध ज्या घटकामुळे येतो तोच बडीशेपेतही असतो, त्यामुळे बारीक लखनवी बडीशेप किंचित गरम करून, वाटून, चाळून घेतली की काम होते.

साधारण 30 बिस्किटांसाठी: मैदा 300 ग्रॅम, बटर 115, पिठीसाखर 100, तीन अंडी, बेकिंग पावडर 10 ग्रॅम, बडीशेपेची पूड एक चहाचा चमचा, एका लिंबाची किसलेली साल (फक्त पिवळा भाग, पांढरा कडू असतो). आपल्याकडचे अंडे फोडल्यावर 45 ग्रॅमच्या आसपास भरते, अमेरिकन पाककृतीतले ‘लार्ज’ 50 ग्रॅमचे. म्हणून तिकडची पाककृती जशीच्या तशी केली तर पीठ कोरडे होते. नेहमीचे खारे टेबल बटर चालते, मात्र वरून मीठ घालू नये. घरचे तूप वापरायचे तर 115 ग्रॅम बटरऐवजी 92 ग्रॅम तूप आणि 20 मिली दूध घ्या, कारण बटरमध्ये 80 टक्केच स्निग्धांश असतो. चव अर्थातच नानकटाईकडे जाईल. वनस्पती तूप टाळावे. ते तोंडाच्या उष्णतेला नीट वितळत नाही आणि टाळूला चिकटून राहते.

बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ हवे, पण चकाकणारे नको. एप्रिलमध्ये सांगलीत फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे पुरतात, डिसेंबरमध्ये तास लागतो. बटर आणि साखर तीन-चार मिनिटे फेटून मग एकेक अंडे घाला. अंडी थेट फ्रीजमधली असतील तर मिश्रण फाटल्यासारखे दिसते. एक चमचा मैदा घालून फेटले की सावरते. बेकिंग पावडरीसह दोनदा चाळलेला मैदा चमच्याने मिसळा, मळू नका. बेकिंग पावडर संपली म्हणून खायचा सोडा घालण्याची सवय इथे नडते: बिस्किटे लवकर काळवंडतात आणि साबणासारखी चव येते. पीठ शंकरपाळ्याच्या पिठापेक्षा बरेच सैल असते. ते पाहून लोक घाबरतात आणि आणखी मैदा घालतात. घालू नये. झाकून 40 मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, मग हाताला किंचित तेल लावून 22 ग्रॅमचे गोळे करा. गोळे तसेच ठेवले तरी चालतात. पारंपरिक आकार हवा असेल तर बारा सेंटिमीटरची वळी करून सैल गाठ मारा.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) खालच्या-वरच्या दोन्ही कांड्या लावून 175 अंशांवर 15 मिनिटे आधी तापवायचा, ट्रे मधल्या खणात, 12 ते 14 मिनिटे. पाककृतीतली सर्वांत मोठी चूक ‘लालसर’ या शब्दात आहे. हे बिस्कीट वरून फिकटच राहिले पाहिजे. एक उचलून तळ बघा: कडेला हलका सोनेरी रंग आला की बाहेर काढा. वरचा रंग येईपर्यंत थांबलात तर आतला मऊपणा गेला, आणि दुसऱ्या दिवशी ते चहात बुडवूनच खावे लागेल. बिस्किटे पसरून चपटी झाली तर बटर फार मऊ होते किंवा पहिल्या घाण्याच्या गरम ट्रेवरच दुसरा घातला, ही दोन कारणे आधी तपासा.

दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे नेणार असाल तर पाव निघाल्यावर भट्टी उतरणीला लागेल तेव्हाची वेळ मागून घ्या. तापलेल्या भट्टीत ही बिस्किटे तळाला करपतात आणि आत कच्ची राहतात. कुकरमध्ये मीठ घालून भाजण्याचा प्रयोग नकोच, उष्णता फक्त खालून येते.

आता आइसिंग, कारण बहुतेकांचे गाडे इथेच अडते. साखरपट्ट्यात राहून आयसिंग शुगर विकत आणायची हे अनेकांना पटत नाही, पण मिक्सरमधल्या साखरेची कणी जिभेला लागतेच. घरची वापरायची असेल तर मलमलच्या कापडातून गाळा आणि 100 ग्रॅमला एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा. 50 मिली गरम दुधात एक चमचा बडीशेप वीस मिनिटे झाकून ठेवा आणि गाळा. 250 ग्रॅम साखरेत आधी 35 मिलीच दूध घाला. ढवळताना वाटते की हे कधीच सैल होणार नाही. तरी धीर धरून घोटत राहा. पुढे चहाच्या चमच्याच्या अर्ध्या मापाने वाढवा, कारण शेवटच्या चमच्याला आइसिंग अचानक वाहू लागते. चमच्याने उचलून सोडलेली रेघ आठ-दहा सेकंदांत विरली की जमले. लगेच विरली तर पातळ: आइसिंग बिस्किटात मुरते, खालचा रंग दिसतो आणि साखरगोळ्या घरंगळतात. विरलीच नाही तर घट्ट: सुकल्यावर तडे जातात.

बिस्किटे पूर्ण गार हवीत, जाळीवर किमान तासभर. कोमट असली तर आइसिंग पारदर्शक होऊन घसरते, आणि आतले बटर वर येऊन दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर तेलकट डाग दिसतात. बिस्कीट उलटे धरून फक्त माथा बुडवा, अर्धा वळसा द्या, वर उचलून थेंब गळू द्या, मग झटकन सरळ करा. साखरगोळ्या लगेच, म्हणजे एकदोन मिनिटांत टाकायच्या; साय धरली की त्या चिकटत नाहीत. म्हणून तीस बिस्किटे बुडवून मग सजवायला बसू नका, चार-चार घ्या. जेवणानंतरची गोड रंगीत बडीशेपही वरून छान लागते, स्वाद तोच असल्यामुळे. फक्त तिचा रंग लवकर सुटतो, तेव्हा आइसिंग थोडे घट्ट ठेवा. आइसिंगला रंग द्यायचा तर जेल वापरा. पाण्यासारख्या रंगाने सैलपणाचा हिशेब बिघडतो आणि कोरड्या पुडीचे ठिपके उमटतात. लेबल नसलेल्या सुट्या रंगाच्या पुड्या खाण्यात नकोत.

हवामानाचा पाककृतीत उल्लेखही नव्हता. हिवाळ्यात पंख्याखाली दोन-तीन तासांत आइसिंगला कडक पापुद्रा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये साखर हवेतला ओलावा ओढते, रात्रभर ठेवूनही बोट चिकटते आणि रंग ओघळतात. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला तर त्या दिवसांत हा उद्योग करूच नये. करायचाच असेल तर ओटीजी 50 अंशांवर आणून बंद करा आणि दार किलकिले ठेवून बिस्किटे सात-आठ मिनिटे आत ठेवा. ओले आइसिंग फ्रीजमध्ये ठेवणे सर्वांत वाईट, बाहेर काढताच त्यावर दव धरते. सुकल्यावर थरांमध्ये बटर पेपर घालून घट्ट डब्यात चार दिवस टिकतात. डबा कांदा-लसूण मसाल्याचा नसावा. बटर वास लगेच धरते.

अंडे न खाणाऱ्यांसाठी तीन अंड्यांऐवजी 100 ग्रॅम घट्ट दही आणि 15 ग्रॅम जास्तीचे बटर घ्या. पीठ कोरडे वाटले तर चमचाभर दूध. गाठी तुटतात, गोळेच करावेत.

आणि आपल्या जिल्ह्यात शोभेल असा याच घराण्यातला प्रकार पुरवणीने जरूर द्यावा: सिसिलीत नाताळात होणारी कुच्चिदाती. आत अंजीर, बेदाणे, बदाम आणि संत्र्याच्या सालीचे सारण, वर हेच आइसिंग आणि साखरगोळ्या. अंजीर 200 ग्रॅम, तासगावचा बेदाणा 100, भाजलेले बदाम 50, मध दोन मोठे चमचे, सगळे मिक्सरमध्ये भरड. बेदाणा धुतला तर कापडावर पूर्ण वाळवून मगच वाटावा, ओल्या सारणाची वाफ पारी फोडते. पारीला वरचेच पीठ, पण एकच अंडे, बेकिंग पावडर 4 ग्रॅम आणि लागेल तेवढे दूध, दोन-तीन मोठे चमचे. 180 अंशांवर 15 ते 18 मिनिटे. ही पाककृती छापलीत तर कृपया वजनासकट छापा.

आपल्या,
घरगुती बेकिंग करणाऱ्या काही वाचक
विश्रामबाग, सांगली