गट मुक्कामाच्या पत्रकात सामायिक सोयींची क्षमता न सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तयारी-पत्रकातील अपुरी माहिती, त्यामुळे झालेली गैरसोय आणि नुकसान, तसेच पत्रक दुरुस्त करण्याची मागणी.

संदर्भ : ३८ जणांच्या गटाची शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशी नोंदणी.

महोदय/महोदया,

आपल्या कॅम्पसाइटवर आमच्या गटाचा दोन रात्रींचा मुक्काम नुकताच झाला. जागा चांगली आहे आणि तिथले कर्मचारी मदतीला धावून येणारे आहेत. त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंदणीनंतर आपण पाठवलेल्या दोन पानी तयारी-पत्रकाबद्दल. प्रत्येकाने काय आणावे याची यादी त्यात आहे : टॉर्च, टोपी, स्लीपिंग बॅग, पाण्याची बाटली. सोयींच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे, ‘उपलब्ध’. स्वयंपाकघर उपलब्ध, गरम पाणी उपलब्ध, फ्रिज उपलब्ध, चार्जिंग उपलब्ध. एकदोघे येणार असतील तर एवढ्याने भागते. ३८ माणसांची तयारी करायची तर सोय किती आहे, किती वेळात किती जणांना पुरते आणि ती आणखी कोण वापरणार आहे, हे आधी कळावे लागते. कोणते सामान न्यायचे आणि कामाच्या पाळ्या कशा लावायच्या, हे सगळे त्यावरच ठरते.

यातला ‘आणखी कोण’ हा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या अडचणी त्यातूनच वाढल्या. पत्रकात सोयी ‘सामायिक’ आहेत असे लिहिले होते. आमच्या ३८ जणांत सामायिक, असाच त्याचा अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात त्याच दोन रात्रींसाठी २६ जणांचा दुसरा गटही होता. दोन्ही नोंदण्या आपल्याकडेच झाल्या होत्या, म्हणजे एकूण ६४ हा आकडा आपल्याला माहीत होता. दोन्ही गटांना एकच पत्रक गेले आणि दोन्ही गटांनी सकाळचा चहा-नाश्ता सातला ठरवला. एका वाक्याचा ईमेल आला असता तरी एका गटाने सहाची आणि दुसऱ्याने साडेसातची वेळ धरली असती.

शौचालये तीन आहेत. ६४ जणांना तीन, म्हणजे साधारण २१ माणसांमागे एक. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जी स्फिअर मानके वापरतात, त्यांत किमान प्रमाण २० माणसांमागे एक असे आहे. तेव्हा नुसती संख्या पाहिली तर ती फार कमी म्हणता येणार नाही. खरी अडचण सकाळची. माणशी पाच मिनिटे धरली तरी ६४ जणांची ३२० मिनिटे होतात. तीन शौचालयांत ती पावणेदोन तासांत उरकतात. पण एकाची आतली कडी तुटलेली होती आणि तिथला दिवाही बंद होता, त्यामुळे व्यवहारात दोनच राहिली आणि हिशेब दोन तास चाळीस मिनिटांवर गेला. सकाळी आठला कार्यक्रम सुरू करायचा असेल तर पहिल्या माणसाला साडेपाचच्या आधी उठावे लागते. गटात लहान मुले होती, साठी ओलांडलेली माणसे होती. त्यांना रांगेत ताटकळत ठेवणे बरे नाही.

पाण्याचे गणित तर मुळातच जमत नाही. वरची टाकी १००० लिटरची आहे आणि शौचालये, न्हाणीघरे, स्वयंपाकघराचे नळ असे सगळे तिच्यावरच आहे. एका फ्लशला ६ लिटर आणि माणशी दिवसाला चार वेळा एवढेच धरले तरी ६४ जणांचे १५३६ लिटर होतात. म्हणजे नुसत्या फ्लशलाच टाकी दीड वेळा रिकामी होते. अंघोळ, भांडी, पिण्याचे पाणी त्यात धरलेलेच नाही. पंप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लावतात. शनिवारी सकाळी साडेआठला टाकी कोरडी पडली तेव्हा सिंकमध्ये साबण लावलेली भांडी तशीच होती आणि शौचालयातून येणाऱ्यांना हात धुवायला पाणी नव्हते. ६४ माणसे एकाच ठिकाणी जेवतात, एकच पळी अनेकांच्या हातात जाते, अशा जागी एवढे कारण पोटाची साथ पसरायला पुरते. सॅनिटायझरवर भिस्त ठेवता येत नाही, कारण नोरोव्हायरससारख्या विषाणूवर तो फारसा चालत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते.

टाकीचा आकार आणि पंपाच्या वेळा आधी कळल्या असत्या तर उपाय सोपा होता. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ५ लिटर धरले तर ३८ जणांना १९० लिटर लागतात, म्हणजे २० लिटरचे दहा कॅन. ते संध्याकाळी टाकी भरल्यावर भरून ठेवायचे. त्याशिवाय खाली तोटी असलेला एक कॅन शौचालयाबाहेर स्टुलावर ठेवायचा, बाजूला साबण आणि खाली बादली. एवढे केले की नळ बंद पडला तरी हात धुणे थांबत नाही. पण रिकामे कॅन घरून आणावे लागतात, आणि ‘पाणी उपलब्ध’ असे वाचल्यावर ते कोणी आणत नाही.

गरम पाण्याचेही तसेच. गिझर एकच, २५ लिटरचा, २ किलोवॉटचा, आणि दोन्ही न्हाणीघरे त्यालाच जोडलेली. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापायला सुमारे ३५ मिनिटे लागतात. त्यात तितकेच थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे ५० लिटर होते. माणशी १५ लिटरची एक बादली धरली तर तीन अंघोळी झाल्या की पुन्हा ३५ मिनिटे थांबायचे. या वेगाने ३८ जणांना साडेसात तास लागतात, आणि ६४ जणांना बारा तासांहून जास्त. शिवाय गरम पाणी काढत असतानाच आत थंड पाणी येत राहते, त्यामुळे तिसरी बादली कोमटच निघते. हे आकडे हाती असते तर निम्म्या अंघोळी संध्याकाळी ठेवता आल्या असत्या आणि मुलांना व वयस्कर मंडळींना पहिल्या बादल्या देता आल्या असत्या.

स्वयंपाकघर म्हणजे तीन बाजूंनी उघडी शेड आणि घरगुती शेगडीचे दोन बर्नर. २० लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला किती वेळ लागेल? बर्नर अडीच किलोवॉटचा आणि निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असे धरले तर दीड तास. हा फक्त एका मोठ्या पातेल्याचा वेळ झाला, आणि तेवढा वेळ एक बर्नर अडकून राहतो. दोन गटांच्या दोन पातेल्यांनी दोन्ही बर्नर अडकले की चहासुद्धा करता येत नाही. गटासाठी उंचीला कमी, रुंद तिवईची मोठी शेगडी लागते. ती आम्ही आणली असती; पण त्यासाठी शेडमध्ये कोणत्या झडपेचे सिलिंडर आहे आणि त्यावर कोणता रेग्युलेटर बसतो, हे माहीत असावे लागते. पत्रकात लिहिले आहे एवढेच : ‘स्वतःचे छोटे स्टोव्ह वापरता येतील.’

हे वाक्य अपुरे आहे आणि धोक्याचेही आहे. छोटे स्टोव्ह म्हणजे बहुधा गॅसच्या डबीवर थेट बसणारे. त्यांच्यावर एकदोघांपुरते भांडे ठेवायचे असते. गटाचे रुंद पातेले ठेवले, किंवा वारा लागतो म्हणून भोवती पत्र्याचा आडोसा केला, की उष्णता खाली परतून डबी तापते आणि ती फुटू शकते. शिवाय डब्यांतल्या गॅसचे मिश्रण वेगवेगळे असते. नुसते ब्युटेन शून्य अंशांच्या आसपास वायुरूप होणे जवळजवळ थांबते, त्यामुळे गारठ्याच्या पहाटे भरलेली डबीसुद्धा पेटत नाही. शेडमध्ये जागा नसेल आणि पाऊस असेल तर माणसे स्टोव्ह तंबूत नेतात. बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत माणूस जातो. ‘तंबूच्या आत किंवा दाराच्या पडवीत स्टोव्ह पेटवू नये’ ही ओळ पत्रकात सर्वांत वर, ठळक अक्षरांत हवी होती. ती कुठेच नाही. या पत्रातली ही गोष्ट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते.

प्रत्यक्ष नुकसान झाले ते विजेमुळे. चार्जिंगसाठी शेडच्या भिंतीवर एक बोर्ड आहे आणि त्याच्या सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट. फोन बरेच लावले तरी त्याला चालतात. पण पाणी तापवायची २००० वॉटची किटली एकटीच ८.७ अँपिअर ओढते. शुक्रवारी रात्री साडेदहाला कोणीतरी किटली लावली आणि काही मिनिटांत बोर्ड बंद पडला. तो कोणत्या गटातला होता हे महत्त्वाचे नाही, कारण ‘किटली लावू नये’ अशी पाटी तिथे नाही. महत्त्वाचे हे की सामायिक फ्रिजही त्याच सर्किटवर आहे आणि एमसीबी कार्यालयाच्या आत आहे. कार्यालय दहाला बंद होते आणि सकाळी साडेसहाला उघडते. रात्रीचा संपर्क क्रमांक कुठेही लावलेला नाही.

म्हणजे फ्रिज आठ तास बंद राहिला. दार उघडले नाही तर वीज गेल्यावर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. इथे तो ६४ जणांच्या सामानाने गच्च भरलेला होता. आतला दिवा लागत नव्हता तरी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडले जातच होते. दूध, मांस, शिजवलेले अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे लागते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि वास किंवा चव बिघडली नाही तरी ते अन्न खाण्याजोगे राहत नाही. सकाळी दोन्ही गटांनी सगळे नाशवंत सामान टाकून दिले. एवढे अन्न वाया गेल्याचे वाईट वाटले, पण ते खाण्याचा धोका पत्करता आला नसता. फ्रिज लहान आहे आणि चार्जिंगच्या बोर्डावर आहे, हे आधी माहीत असते तर आम्ही शीतपेट्या आणल्या असत्या : एक पेयांची, सतत उघडझाप होणारी, आणि एक नाशवंत पदार्थांची, फक्त स्वयंपाकाच्या वेळी उघडायची. दोन्हींत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, कारण मोठा बर्फ चुऱ्यापेक्षा उशिरा वितळतो आणि नंतर पिताही येतो.

तंबूंबद्दल थोडक्यात. आखलेल्या जागा ४ मीटर बाय ४ मीटर आहेत. चार जणांचा तंबू म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर, आतूनच २.४ मीटर रुंद. पुढची पडवी आणि चहूबाजूंचे मीटरभर तणावे धरले की तो ४ मीटरमध्ये मावत नाही. शेजाऱ्यांचे तणावे एकमेकांत जातात, रात्री लोक अडखळतात, आणि तणावा ढिला ठेवला की बाहेरचे आवरण आतल्या कापडाला चिकटून पहाटे आत ओल येते. जमीन दाबलेल्या खडीची आहे. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक मेखा तिथे वाकतात. लोखंडी मेखा आणि हातोडी लागते. हे एका ओळीत सांगता येते. स्लीपिंग बॅगचेही तसेच : रात्रीचे अपेक्षित किमान तापमान दिले की बॅगवरच्या ‘कम्फर्ट’ आकड्याशी, म्हणजे ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते त्याच्याशी, ताडून पाहता येते. त्याखालचा ‘लिमिट’ आकडा पाहून बॅग घेतली तर रात्रभर कुडकुडावे लागते.

आमच्या मागण्या अशा. पत्रकातला ‘उपलब्ध’ हा शब्द काढून त्या जागी आकडे द्यावेत : शौचालये किती, टाकी किती लिटरची आणि पंप केव्हा लागतो, गिझरची क्षमता, बर्नर किती आणि झडप कोणत्या प्रकारची, बोर्ड किती अँपिअरचा, फ्रिज किती लिटरचा, तंबूची जागा किती मोठी आणि जमीन कशी. त्याच तारखांना दुसरा गट असेल तर त्याची संख्या दोन्ही गटांना मुक्कामाच्या किमान सात दिवस आधी कळवावी आणि स्वयंपाकघराच्या वेळा वाटून द्याव्यात. फ्रिज स्वतंत्र सर्किटवर घ्यावा आणि रात्रीचा संपर्क क्रमांक शेडमध्ये लावावा. तुटलेली कडी आणि बंद दिवा पुढचा गट येण्याआधी दुरुस्त व्हावा. त्यासाठी पत्रक छापून होण्याची वाट पाहू नये.

स्वयंपाकघर आणि फ्रिज यांच्यासाठी आपण वेगळे शुल्क घेतले होते. ते शुल्क आणि टाकून द्याव्या लागलेल्या सामानाची भरपाई मिळावी. कृपया १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपले,
गटाच्या वतीने नोंदणी करणारे

सोबत : तयारी-पत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, बोर्डाचे, गिझरवरच्या क्षमतेच्या पट्टीचे आणि तुटलेल्या कडीचे छायाचित्र, टाकलेल्या सामानाची यादी.